छप्पन्नच्या आत

प्रत्यक्ष परमेश्वराने वरच्या जागेसाठी अर्ज केला असता, तरी माझ्या मामेसासऱ्यांनी ‘अनुभवाचा दाखला जोडलेला नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला असता. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून म्हणून चिकटले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पण त्यांच्या टेबलावरून कागद गेल्याशिवाय तिथला कुणी साहेब मोठा साहेब झाला नाही. उपजिल्हाधिकाऱ्याला आयएएसच्या यादीत जायचं तर त्या पदावर आठ वर्षं, गोपनीय अहवाल स्वच्छ, चौकशी चालू नाही आणि एक जानेवारीला वय छप्पन्नच्या आत, हे ते आरतीसारखं घडाघडा म्हणायचे. निवृत्तीनंतर एवढी विद्या वाया कशी घालवणार? मी त्यांच्या भाचीला बघायला गेलो, तर पोहे यायच्या आत प्रश्न आला, “नोकरीत कायम, की परिविक्षाधीन?” मी परिविक्षाधीन होतो. लग्न अकरा महिने लांबलं. गणपतीत आरतीचं ताट धरायलाही त्यांच्याकडे सेवाज्येष्ठता लागायची. गुहागरहून हौसेने आलेल्या व्याह्यांना त्यांनी “आपण प्रतीक्षायादीत” म्हणून खुशाल मागे उभं केलं होतं.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, स्वतः उपजिल्हाधिकारी. मामांचा तिच्यावर भारी जीव. तिच्या सेवेचा तक्ता त्यांनी देवघराशेजारी लावला होता. गेल्या साली आयएएसच्या जागाच निघाल्या नाहीत. यंदा निघाल्या, आणि आम्ही पेढ्यांची ऑर्डर द्यायच्या बेतात असताना मामांनीच बोटं मोजली. “अपात्र. कागदावर छप्पन्न झाली.” खरं तर मावशी पंचावन्नची. ते वरचं वर्ष कागदावर चढवलं कुणी, तर खुद्द मामांनी. लांज्याजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लागला की पोर शाळेत घेत. पाच वर्षांच्या मावशीचा हात काही पुरेना. मामा तेव्हा नुकते मॅट्रिक झालेले. त्यांनी गुरुजींची पाठ वळल्यावर तिची मान वाकडी केली, कान हाताला लावला आणि “सहा पूर्ण” म्हणून ठोकून दिलं. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे जन्मतारीख म्हणून एक जून लिहून टाकला.

पुढे आठ दिवस मामा धड जेवले नाहीत. रविवारी मावशी आली, तर पडवीत मान खाली घालून म्हणाले, “तुझं वर्ष मी खाल्लं, गो.”

“आणि पुढच्याच साली बाबा गेले ते?” मावशी म्हणाली. “तेव्हा मी शाळेत नसते, तर आईबरोबर काजू सोलायला बसले असते. कसली उपजिल्हाधिकारी नि कसलं काय!”

“तरी नोंद खोटीच.”

“मग केलीस कशाला, दादा?”

मामांनी चष्मा काढून पंच्याने पुसला, आणि पुसतच राहिले.

“सगळी पोरं शाळेत जायची नि तू दारात उभी राहून रडायचीस. मला बघवेना.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून नियमाशिवाय ऐकलेलं हे पहिलंच कारण.