पाचव्या घरचा जोगवा

जर्मनीहून सुट्टीला आले तेव्हा परत जायचं नाही असं ठरवूनच आले होते, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. शेतकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सांख्यिकीच्या पेपरात मी दोनदा नापास झाले होते. तिथला नियम असा, की तिसऱ्यांदा नापास झालात की अभ्यासक्रमातून नावच कमी होतं. मग कुठली पदवी अन् कुठलं काय! घरी मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हसून सांगायचे, सगळं मस्त चाललंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

खरं सांगायचं तर परदेशानं मला फार छळलं नाही. खोली शोधली, पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत चार चकरा मारल्या, आईनं पंचवीस वर्षांत न शिकवलेली खिचडी महिन्याभरात शिकले. मला हरवलं ते माझ्या तोंडानं. लोणखेड्याला कॉलेजात असताना सरांना शंका विचारणं म्हणजे सरांची परीक्षा घेणं, असंच आम्ही समजत आलो. सर "समजलं ना?" म्हणाले की साठ मुंड्या एकदम हलायच्या. तीच मुंडी मी तिकडेही हलवत राहिले. सांख्यिकीच्या प्राध्यापक बाई दर गुरुवारी विद्यार्थ्यांसाठी दार उघडं ठेवून बसायच्या. त्या दारावरून मी दहादा गेले असेन, आत एकदाही नाही. मी, गावातली हुशार पोरगी, आत जाऊन "मला येत नाही" म्हणू? देवाकडे मागणंसुद्धा मी सोडून दिलं होतं. मागायची लाजच वाटायची.

शहाद्याच्या स्टँडवर आई घ्यायला आली होती. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पिशवी उचलता उचलता म्हणाली, "तुन्हा व्हिसाना नवस शे मन्हा. नवरात्रमा तुले पाच घर जोगवा मांगना पडी." जोगवा म्हणजे देवीच्या नावानं पाच घरी पीठ मागायचं. घरात गव्हाच्या कोठ्या भरलेल्या असल्या तरी अनवाणी जायचं, दारात उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "जोगवा वाढा." मी चिडलेच. म्हटलं, अगं, लोक काय म्हणतील, जर्मनीहून आली अन् दारोदार पीठ मागते? आई म्हणाली, "म्हनू दे." नवस म्हटल्यावर तिच्यापुढे कुणाचं चालतं!

मंगळवारी सकाळी निघालो. चार घरं आमच्या भाऊबंदांचीच. मी टोपली धरून मान खाली घालून उभी राहायचे आणि हाळी आईच द्यायची. बायका पीठ वाढायच्या, माझी दृष्ट काढायच्या, "आमनी जर्मनीवाली" म्हणून गालावरून हात फिरवायच्या. प्रत्येक कौतुकानं मला जास्तच गुदमरायला व्हायचं. चौथ्या घरी आईच्या पायात गोळा आला, ती तिथंच ओट्यावर टेकली. पाचवं घर काकूंचं धरलं होतं, तर त्यांच्या दाराला कुलूप. आई लांबूनच ओरडली, "पुढलं कोन्तं बी घर ले वं!"

पुढचं घर म्हणजे कोपऱ्यावरचं, रजया शिवणाऱ्या मुसलमान कुटुंबाचं. ते शहाद्याहून नुकतेच राहायला आले होते, मी त्यांना ओळखतही नव्हते. देवीला चालेल का, त्यांना तरी चालेल का, असले विचार करत मी उंबऱ्याबाहेर नुसती उभी राहिले. आत एक वयस्क खाला कापूस पसरून रजई टाचत होत्या. मिनिट गेलं, दोन गेली. त्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "काय पाहिजे, बेटी? तोंडघाई सांगशी तवय समजी ना!"

तोंडानं सांगितलं तरच कळणार होतं. "जोगवा वाढा," मी म्हटलं. आवाज असा फाटला की मलाच ओळखू येईना. आणि त्यापाठोपाठ, का कोण जाणे, सगळंच बाहेर पडलं. मी नापास झालेय, दोनदा. मला येत नाही. मला मदत पाहिजे. आईला जे सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईच्या दारात रडत रडत सांगून बसले. खाला उठल्या. डब्यातून ओंजळभर पीठ आणून टोपलीत घातलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पीठ व्हतं, ते दिधं. तुले जे पाहिजे ते मन्हाकडे नई शे. जेनाकडे शे, तेले सांग."

इतकी साधी गोष्ट! ती कळायला मला सात समुद्र पार करून कोपऱ्यावरच्या घरापर्यंत यावं लागलं. घरी येऊन आधी आईबाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "ते ठीक शे, पन आते काय करशी?" दुपारी, आई त्याच पिठाच्या पुऱ्या देवीच्या नैवेद्याला तळत असताना, मी प्राध्यापक बाईंना दोन ओळी लिहिल्या: मला हा विषय येत नाही. मला तुमची मदत हवी आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बरं झालं लिहिलंत, सुट्टी संपली की गुरुवारी या.

मी जर्मनीला परत गेले, आणि त्या दारातून आतही. पहिल्या गुरुवारी मान वर होईना, चौथ्या गुरुवारी बाईंशी वाद घालू लागले. तिसरी परीक्षा दिली आणि पास झाले. काठावर, पण पास! शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. आपल्याकडे नाही हे कबूल करून दारात उभं राहायचं, एवढंच आपलं काम. दार कुणाचं, वाढणारा हात कुणाचा, हे ठरवणारी ती वेगळी.

निकाल कळवायला आईला फोन केला. रडून झालं, हसून झालं. मग मी म्हटलं, आई, तुझा नवस पावला हं.

"मी नवस बोलेलच नव्हता वं," ती म्हणाली. "स्टँडवर तुन्हं तोंड दखं, आन् मन्हा तोंडम्हाईन कसं काय निंघी गयं, मले बी मालूम नई."

फोन ठेवून मी खिडकीशी गेले. मग हात जोडले, आणि शेजारच्या खोलीतल्या पोरींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "देवी, तुझे उपकार."