गवत समजून उपटलेली शिंदी

रुक्मिणीबाईबद्दल बद्रीनाथतात्यांना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. शिरूर कासारात वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिले, पण तिचं माहेर कुठलं हेही त्यांनी कधी विचारलं नाही. ती शिंदीच्या पानांचे झाडायचे फडे बांधून विकायची आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, एवढंच.

त्या वर्षी ओढा खोल करताना यंत्रानं शिंदीची सगळी झाडं उपटली. फड्यासाठी पान उरलं नाही. रुक्मिणीबाईनं ढिगाऱ्यातून बिया वेचल्या, तीस पिशव्यांत लावल्या आणि निघताना तात्यांच्या हापशाजवळ मांडून ठेवल्या. ही झाडं वाढली तर म्हातारपणी तरी कोयता सुटेल, असं तिचं म्हणणं.

तात्यांनी रोज पाणी घातलं. शिंदी म्हणजे चिरलेलं पान, हेच त्यांच्या डोक्यात. पिशव्यांत आलं ते एकेक अरुंद पातं. गवतच ते. एका सकाळी त्यांनी मन लावून निंदायला घेतलं. एकविसाव्या पिशवीतल्या पात्याच्या मुळाशी बी लोंबत आली, तेव्हा हात थांबला. आधीची पाती उन्हात पार सुकली होती.

गुढीपाडव्याला ती परतली. पिशव्यांकडं बघून म्हणाली, “तात्या, खुरपं लई चालिवलं की!”

“मला वाटलं गवत हाय.”

“मग शिंदी काय जन्मतानाच फडा घिऊन येती व्हय?”

 तिनं तात्यांना जवळ बोलावलं. “हात फिरवा. गवत लवतं, हे ताठ हाय. मधी घडी हाय, शेंडा टोचतो. तरी कळंना, तर माती उकरून बी बघायची. उपटायचं न्हाई.” मग उरलेल्या पिशव्या सावलीत सरकवत म्हणाली, “नऊ हायती, लई झाल्या.”

पुढच्या हंगामात ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली. रुक्मिणीबाईचा नवरा एकटाच परत आला. तात्यांना रडू आलं नाही. त्यांनी नऊ पिशव्यांना पाणी घातलं, एकेका पात्यावरून बोट फिरवलं आणि घरात जाऊन बसले.

शेवटची ती निघाली त्या सकाळी ट्रॅक्टर चालूच होता. ती ट्रॉलीवरून ओरडली होती,

“तात्या, शेळी फिरकू देऊ नका तिकडं.”

“न्हाई फिरकू देत.”

“च्या झाला का?”

“झाला.”