टाकीचं पाणी, काकूंचं तीर्थ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. ती पलीकडच्या खोलीत मेथी निवडत बसली आहे आणि तिला वाटतंय मी हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरतोय — वाटू दे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. असती तर ही वेळच आली नसती.

मी इंजिनिअर. सरकारी. पिण्याचं पाणी आणि सांडपाणी हा माझा विषय, सगळी नोकरी त्यातच गेली. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा आम्हा मराठी लोकांत माझं एक नाव होतं — नास्तिक म्हणून. गणपती दूध पितो म्हणून अख्खी दिल्ली वाटी-चमचा घेऊन देवळांपुढे उभी राहिली होती ना, त्या दिवशी मी आमच्या ब्लॉकखाली स्टुलावर चढून पृष्ठताण समजावून सांगितला. नळाच्या तोटीला चमचाभर दूध पाजून दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि मला त्याची चटक लागली. खोटं कशाला बोलू — हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही, पण राहू दे.

पुढे आम्ही सरकारी नोकरांनी मिळून दिल्लीच्या पार टोकाला, पप्पनकलांला सोसायटी काढली. त्या वर्षांत दिल्लीत ज्याला-त्याला स्वतःचा फ्लॅट हवा होता. मारुती, केबल, कॉर्डलेस फोन, सगळं एकदम आलं होतं. आलं नव्हतं ते फक्त नळाचं पाणी. बोअरचं आणि टँकरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत घ्यायचं आणि पंपानं वर चढवायचं, असा कारभार. कामावर देखरेख करायला कमिटीनं मला नेमलं. घरचाच इंजिनिअर असताना बाहेरचा कशाला?

सांडपाण्याची लाइन त्या टाकीपासून जेमतेम चार हातांवरून जात होती. जागाच तेवढी होती. चालवून घेता येतं तसं, पण मग पाइपाचे सांधे तपासावे लागतात — पाइप पाण्यानं भरायचा, दोन्ही तोंडं बंद करायची आणि पातळी उतरते का ते बघत बसायचं. सगळी लाइन अशी तपासायला आठवडा जातो. इकडे लोकांना पावसाळ्याआधी राहायला यायचं होतं, गणपती नव्या जागेत बसवायचा होता. आणि त्याची सगळ्यात जास्त घाई मला होती, देव न मानणाऱ्याला, कारण त्या उत्सवात माझं व्याख्यान ठरलं होतं. एकही सांधा न तपासता मी 'तपासले' म्हणून सही केली.

हाच तो गुन्हा, असं वाटलं ना तुम्हाला? नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

तळमजल्यावर जाधवकाकू राहायच्या. यजमान फौजेत सुभेदार होते, ते वारलेले. मुलगा विलास मिनिस्ट्रीत, सून सुनंदा साताऱ्याकडची, नुकतंच लग्न होऊन आलेली. काकूंकडे हरिद्वारहून आणलेला गंगेचा गडू होता. रोजच्या तीर्थात त्यातलं थेंबभर पाणी घालायच्या आणि जिन्यात भेटेल त्याच्या हातावर पळीभर द्यायच्या. मी टाळून निघालो की म्हणायच्या, "घ्या हो भाऊ. तुम्हाला देव नसेल, तहान तर लागते ना?" मी घ्यायचो नाही. बाई मात्र गमतीची होती. मनात काही ठेवायची नाही.

माझं व्याख्यान झालं गणपतीच्या चौथ्या दिवशी. विषय, जीव कुठून आला. मी रंगात येऊन सांगितलं — कुणी घडवला नाही तो. कोमट डबकं, चार रसायनं, आकाशातली वीज आणि अमाप काळ, एवढ्यावर झालं सगळं. यात देवाला कुठे जागा आहे? मागून काकूंचा आवाज आला, "म्हणजे पाण्यातूनच की. मग आम्ही पाण्याला हात जोडतो तर तुमचं काय जातं?" सगळा मांडव हसला. मीही हसलो. पण झोंबलं मला ते, फार झोंबलं. एका अडाणी बाईनं माझ्या तासाभराच्या भाषणाचा निकाल लावला होता, आणि सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालवणारा रामफल आला. म्हणाला, "साहब, टंकी के पानी में बू आ रही है. एक बार देख लो." मी झाकण उघडून वाकलो. या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला प्रयोगशाळा लागत नाही. पावसानं माती खचली होती, सांधा सुटला होता, आणि गटार टाकीत झिरपत होतं. कुठला सांधा, तेही मी उभ्या जागेवरून सांगू शकलो असतो. रामफलला म्हणालो, बरसात का पानी है, चला जाएगा. दोन मुठी ब्लीचिंग पावडर टाकायला लावली — चोवीस तास झिरपणाऱ्या गटाराला दोन मुठी. खणायला सांगितलं असतं तर माझी सही वर आली असती.

आणि वर जाऊन बायकोला सांगितलं, आजपासून पाणी उकळून घे, वीस मिनिटं. तिनं कारण विचारलं. बोअरचं पाणी जड आहे म्हणालो.

फक्त माझ्या घरात. वाचलंत ना नीट? साठ घरं एका टाकीचं पाणी पीत होती आणि उकळून पीत होतो आम्ही तिघं — मी, बायको आणि आमचं लेकरू.

दसऱ्याच्या सुमारास कावीळ सुरू झाली. आधी तिसऱ्या मजल्यावरची दोन मुलं, मग एक निवृत्त गृहस्थ, मग घराआड घर. लोक घाबरले. कुणी म्हणालं दूध, कुणी म्हणालं चाट. मग कुणीतरी म्हणालं, अनंत चतुर्दशीच्या सत्यनारायणाचं तीर्थ सगळ्यांनी घेतलं होतं, जाधवकाकूंच्या गडूतलं. हे मी म्हणालो नाही, पहिल्यांदा तरी नाही. पण ऐकलं आणि जिवात जीव आला, हे खरं. रविवारी सकाळी हॉलमध्ये सभा ठरली. तुम्ही सायन्सवाले, तुम्हीच काय ते तपासा, असा सगळ्यांचा आग्रह. दरियागंजच्या रविवारच्या बाजारातून घेतलेला एक जुना सूक्ष्मदर्शक माझ्याकडे होता. काकूंनी गडू स्वतः आणून दिला. "बघा की," म्हणाल्या, "मला कसली भीती?"

सभेआधी मी घरी तपासलं. गडूतल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला — काही नाही. दोन धुळीचे कण. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. मला काहीतरी सापडायला हवं होतं हो, इतकं हवं होतं. सापडलं नाही. मग टाकीतल्या पाण्याचा थेंब घेतला. ते सगळं हलत होतं. पारदर्शक, कडेनं बारीक केस असलेले जीव, आपापल्या कामाला लागलेले. ज्यावर तासभर बोललो होतो तेच माझ्या डोळ्यांपुढे पोहत होतं.

अजून एक सांगून टाकतो. कावीळ करणारा विषाणू त्या यंत्रातून दिसतच नाही. दोन्ही थेंबांवरून कावीळ कशानं झाली हे काहीच सिद्ध होत नव्हतं. हेही मला पक्कं माहीत होतं.

हॉलमध्ये मी टाकीची काचपट्टी लावली आणि म्हणालो, या, बघा, हे काकूंचं तीर्थ.

लोक रांगेनं आले. एकेक जण वाकून, एक डोळा मिटून बघत होता आणि तोंडावर हात ठेवून बाजूला होत होता. शेवटी काकू आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "एवढे?" म्हणाल्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आहे आपल्याकडे. मी तर माझंच काकूंच्या नावावर लोकांना वाकून बघायला लावलं.

आणि आता नीट ऐका, कारण इथंच सगळं आहे. त्या रविवारपर्यंत लोक घाबरून होते. दोन-चार घरांत पाणी उकळायला लागले होते. माझ्या त्या थेंबानं त्यांची भीती घालवली. कारण सापडलं, तीर्थ बंद झालं, आता काळजी नाही — आणि सगळे पुन्हा बिनघोर टाकीचं पाणी पिऊ लागले. ती भीतीच त्यांना वाचवत होती. ती मी काढून घेतली.

सुनंदाला सातवा महिना होता. दिवाळीआधी हॉलमध्ये तिचं डोहाळजेवण झालं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाऊबीज झाली की साताऱ्याला जायची होती. भाऊ न्यायला येणार होता. डोहाळजेवणाला माझी बायको घरून पाण्याची बाटली घेऊन गेली. मीच सांगितलं होतं. तिनं या वेळी कारण विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही, असं असतं का? मला माहीत नाही. आम्ही त्यावर कधी बोललेलो नाही.

भाऊबीजेला सुनंदाचे डोळे पिवळे दिसले. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत ही कावीळ फार वाईट. सहा दिवस दवाखान्यात होती. आधी पोटातलं गेलं, मग ती. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? मी तिथंच बाकावर बसलो होतो. विलास म्हणाला, पाण्याचं काही नाही डॉक्टर, माझ्या आईनं तीर्थ पाजलं तिला.



जाधवांकडे सुतक असताना मी लाइन खणून घेतली. दुरुस्तीचं काम आहे म्हणालो. तोच सांधा होता. तो बदलला, टाकी उपसून धुतली, आणि कावीळ थांबली. तीर्थ बंद केल्याचा गुण आला, असं लोक म्हणाले. मला शाल-नारळ द्यायचं कमिटीत ठरत होतं. तेवढं मात्र मी टाळलं.

मी देव मानत नाही. आजही नाही. म्हातारपणी आस्तिक झालेल्यांची मला कीव येते. जीव डबक्यात निपजला आणि डबक्यातच मिटतो, वर कुणी विचारणारं बसलेलं नाही, हे मी आजही पैजेवर सांगेन. पण त्याचा अर्थ असा की मला कुणी कधीच विचारणार नाही. याची भीती काय असते, ते त्या स्टुलावर चढून बोलणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. विज्ञानाला देव लागत नाही. दिसलं ते दिसलं तसं सांगणारा माणूस लागतो. मी तो नव्हतो. काकूंना देव कधी दिसला नसेल, पण त्यांनी दिसलेलं लपवलं नाही कधी.

चौदाव्या दिवशी दुपारी काकू माझ्या दारात आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. खोटं सांगू नका. माझ्या हातानंच गेली ना माझी पोर?"

सगळं उत्तर माझ्या तोंडात होतं. दोन वाक्यांचं काम होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "काकू, तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत."

त्या रडल्या. मग पदरानं डोळे पुसले, हात जोडले आणि म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे."

त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या. विलास त्यांच्याशी एका घरात राहून बोलत नसे. दारी कुणी आलं तर त्या स्वतः पाणी देत नसत. आत माठ आहे, तुमचं तुम्ही घ्या, म्हणायच्या. लहान मुलांनासुद्धा. मी हे पुष्कळदा ऐकलं आहे, कारण आमचा जिना त्यांच्या दारावरून जातो.

विलास अजून तिथंच आहे. दर दिवाळीला न चुकता फराळाचं ताट वर पाठवतो, तुमच्यामुळे निदान खरं काय ते कळलं म्हणून. मी ते घेतो.