काळ्या काठाचं पाकीट

थर्झा ट्रेगीरला बसून राहणं कधी जमलंच नाही. पोस्टाच्या खिडकीमागे एक स्टूल होतं, पण त्याच्यावर मांजरच झोपायचं. पत्रं शिक्का मारून झाली की ती काउंटर पुसायची, तो पुसून झाला की दाराबाहेर जाऊन भरती-ओहोटी बघायची. नवरा तटरक्षक दलात होता. एका नोव्हेंबरात त्याची होडी परत आली, तो आला नाही. त्यानंतर ट्रेवार्न गावचं पोस्ट तिच्याकडे आलं, आणि तिची चार वर्षांची मुलगी लव्हडे काउंटरखाली बाहुल्या मांडून वाढली.

शिंपल्यांचा नाद त्याच्या पुढच्या वर्षी लागला. केंटमधले मिस्टर व्हेनिंग नावाचे गृहस्थ समुद्रकाठच्या पोस्टांना पत्रं पाठवत असत : आपल्याकडे ओहोटीच्या खडकांवर कुणी निरीक्षण करील का? बाकीच्या पोस्टांनी ती पत्रं शेगडीत टाकली असतील. थर्झाने उत्तर लिहिलं. सात वर्षं झाली, पत्रं थांबली नाहीत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण व्हेनिंगच्या गुडघ्याला कोणत्या महिन्यात दुखतं हे तिला ठाऊक होतं, आणि लव्हडेचे दात कधी पडले ते त्यांना. दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ॲडेला तापाने गेली, तेव्हाचं पत्र सबंध शेवाळावर होतं. शेवटी एकच ओळ होती : आज घरात फार शांतता आहे.

यंदाचं काम लिम्पेटचं होतं. लिम्पेट म्हणजे खडकाला टोपीसारखी चिकटून बसणारी शिंपली. पाणी चढलं की ती चरायला निघते आणि पाणी उतरायच्या आत खडकावरच्या आपल्या ठरलेल्या खोबणीत येऊन बसते. व्हेनिंगना जाणून घ्यायचं होतं, तिला उचलून दूर ठेवलं तर ती घरी येते का? थर्झाने वीस शिंपल्यांवर रंगाचे ठिपके दिले आणि त्या वीतभर अंतरावर ठेवल्या. अठरा परतल्या. ते आकडे फेब्रुवारीत गेले. मग दहा पावलं दूर नेऊन ठेवायच्या होत्या.

"शिंपल्यांना घर सापडतं का, हे कळून कुणाचं पोट भरणार आहे गं?" शेजारची केझाया मावशी विचारायची. "माझा म्हातारा दारूच्या गुत्त्यातून घरी येतो का ते मोज. ते जास्त कठीण आहे."

मार्चमध्ये लव्हडे तापली. अंगभर लाल पुरळ, घसा बंद. ॲडेलाचाच ताप. अकरा दिवस थर्झा पलंगाशी होती, आणि त्यातल्याच एका दिवशी, टपालगाडीची वेळ झाली म्हणून, तिने मांडीवर वही घेऊन आकडे उतरवले आणि पाठवून दिले. खाली लिहिलं, पोरीला ताप आहे, अक्षराकडे दुर्लक्ष करावं.

पोर वाचली. डॉक्टरांनी त्या खोलीतलं सगळं जाळायला लावलं. गादी, बाहुल्या, थर्झाचे लिहायचे कागदसुद्धा. पोर बरी झाल्याचं व्हेनिंगना कळवणं त्यात राहूनच गेलं. वही तेवढी आकडे टपालात टाकताना पोस्टात राहिली होती म्हणून वाचली.

मे महिन्यात थर्झाने ती वही उघडली. पाठवलेलं पान चुकीचं होतं. वीतभर अंतरावरचीच दुसरी खेप तिने "दहा पावलं" म्हणून लिहून दिली होती. वीसपैकी सतरा! खरं पान मागे होतं. दहा पावलांवरून फक्त दोन परतल्या होत्या. व्हेनिंगनी त्या सतरांवर आख्खं प्रकरण लिहिल्याचं कळवलं होतं, जूनमध्ये ते छापायला जायचं होतं, आणि त्या आकड्यांखाली तिचं नाव येणार होतं.

तिने तिथल्या तिथे पत्र लिहायला घेतलं. घरात कागद नव्हता. पोस्टाच्या खालच्या खणात नवऱ्याच्या सुतकातला उरलेला गठ्ठा होता, काळ्या काठाचा, तशाच पाकिटांसह. टपालगाडीचे घोडे बाहेर पाय आपटत होते. कागद तो कागद, असं म्हणून तिने तोच घेतला.

खरं तर तिला कळायला हवं होतं. मृत्यूची बातमी नेणारी अशी किती पाकिटं तिने स्वतःच्या हाताने लोकांना दिली होती. काळा काठ दिसू नये म्हणून पालथी धरून द्यायची. आणि तरी माणसं ती न फोडताच खाली बसायची.

उत्तर येईना. एरवी पाचव्या दिवशी यायचं. थर्झा गाडी येण्याआधीच वळणापर्यंत जायची, मग लव्हडे एकटी आहे म्हणून धावत परत यायची, मग पुन्हा निघायची. कुठेच जीव लागत नव्हता. रागावले असतील. की आजारी आहेत?

पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, पत्र आलं. त्यालाही काळा काठ होता.

तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. तुमचं पाकीट पाहिलं आणि सगळं समजलं, व्हेनिंगनी लिहिलं होतं. ते उघडण्याचा धीर झाला नाही, क्षमा करा. टेबलाच्या खणात ठेवलं आहे. तुमची मुलगी बरी होईल असं मी आणि माझी पत्नी रोज एकमेकांना सांगत होतो. लिम्पेटचं प्रकरण मी लव्हडेच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. सोमवारी छपाई सुरू होते.

थर्झाने आधी आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. लव्हडे खिडकीशी बसून तापानंतर सोलवटलेल्या बोटांची कातडी ओढत होती. थर्झाने तिच्या कपाळाला हात लावला. मग मानेला. मग पुन्हा कपाळाला.

"काय झालं?" लव्हडेने विचारलं आणि पत्र हातातून घेतलं. वाचता वाचता तिला हसू फुटलं. "मी मेले? मग आज भांडी कोण घासणार?"

"गप बस."

"आई, तू घाबरू नकोस. त्यांनी पत्रच वाचलेलं नाही ना? मग सांग त्यांना."

सांगायचंच होतं. आज टाकलेलं पत्र सोमवारच्या आत पोचलं नसतं. तार करायची तर पेन्झान्सला जायला हवं, आठ मैल. थर्झाने केझाया मावशीला पोरीपाशी बसवलं, पोस्टाची खिडकी तिच्या हवाली केली आणि निघाली. अर्ध्या वाटेवर ती एकदा थांबली आणि मागे वळली. पोर ठणठणीत आहे हे ठाऊक असूनही, एक माणूस तिला मेलेली समजून बसलंय याने तिचं काळीज जागेवर नव्हतं. मग स्वतःलाच शिव्या देत ती पुढे चालू लागली.

तारघरात तिने चार कागद फाडले. चूक कबूल करणं सोपं होतं. पहिलं वाक्यच लिहवत नव्हतं. त्या घरात जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. तिथे जाऊन ओरडून सांगायचं, की माझी जगली?

तारबाबू जेल्बर्ट खिडकीतून बघत होता. त्याने पाचवा कागद वाचला. लव्हडे बरी आहे. कागद जुना होता. पत्र उघडा. छपाई थांबवा. आकडे माझ्या चुकीने भलतेच गेले.

"बातमी तर चांगली आहे, बाई. मग चेहरा असा का?"

"ज्यांना जातेय त्यांची मुलगी नाही राहिली."

जेल्बर्टने यंत्रावर हात ठेवला आणि क्षणभर उचलला नाही. "सुरुवात आकड्यांनी करू का? पोरीचं मागून घालू?"

थर्झाने विचार केला. "नको," ती म्हणाली. "ते इतके दिवस तिच्यासाठी रडताहेत. आधी तेच सांगा."

शनिवार गेला. रविवारी चर्चमध्ये तिने काय म्हटलं ते तिलाच आठवत नव्हतं. सोमवारी ओहोटीला ती खडकांवर गेली. दहा पावलांवरच्या ठिपक्यांच्या शिंपल्या नव्या जागी बसल्या होत्या. काही खडकाला नीट चिकटल्या नव्हत्या, लाटेने हलत होत्या. त्यांच्या जुन्या खोबणी मोकळ्याच होत्या. तिने पुन्हा मोजलं. दोन.

बुधवारी पार्सल आलं. आत पांढऱ्या कोऱ्या कागदाचा जाड गठ्ठा, वर पत्र.

छपाई थांबली होती. प्रकरण कापून अर्ध्यावर आणलं होतं. दूर नेलेली लिम्पेट घरी येत नाही, व्हेनिंगनी लिहिलं होतं, हे मला आवडलं नाही, पण खरं हेच आहे. या उन्हाळ्यात पाच पावलांवर ठेवून पाहाल का? आणि यापुढे आकडे लव्हडेकडून एकदा तपासून घेत जा. अर्पणपत्रिका काढलेली नाही, फक्त एक शब्द बदलला आहे : ‘स्मृतीला’च्या जागी ‘आरोग्याला’.

शेवटी, वेगळ्या शाईत : तार माझ्या पत्नीने आधी वाचली आणि ती खोलीबाहेर निघून गेली. तासाभराने परत आली. तिने विचारलं, मुलीला खायला काय आवडतं?

थर्झा स्टुलावरचं मांजर उठवून खाली बसली.

"केशराचा पाव सांग," लव्हडे खांद्यावरून वाकून म्हणाली. "मनुका जास्त घातलेला. आणि सांग की मनुका मोजून घातलेल्या चालतील."

थर्झाने पांढरा कागद पुढे ओढला. आधी पाच पावलांचं लिहावं की पावाचं, यावर तिचं बराच वेळ ठरेना. शेवटी तिने पावाचं लिहिलं. मग उठून खालच्या खणातला काळ्या काठाचा गठ्ठा काढला. जाळावा तर, पोस्टात असा कागद कधीतरी कुणालातरी लागतोच. ठेवावा तर तिला झोप येणार नव्हती. ती गठ्ठा घेऊन केझाया मावशीच्या दारात गेली.

"तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "मी मागितला तरी देऊ नकोस."

आणि परत येताना पुन्हा एकदा तिने खिडकीतून लव्हडेकडे पाहिलं.