नदीकाठी काढून ठेवलेले बूट

मुलीची सुट्टी संपायला एकच दिवस उरला होता. सोमवारपासून ती कामावर जाणार आणि तिची पाच वर्षांची पोरगी दिवसभर माझ्याजवळ राहणार, एवढ्यासाठीच तिनं मला रायपूरहून बुडापेस्टला बोलावून घेतलं होतं. जावई कामानं बाहेरगावी होते. मला जमलं नाही तर तिला नोकरी सोडावी लागणार होती. ती तसं म्हणत नव्हती. पण मी नातीला घेऊन नुसती खाली अंगणात उतरले, तरी ती वरच्या खिडकीत उभी असायची.

तिची काळजी मला समजत होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. रायपूरला शंकर नगरातल्या रोजच्या दुकानातही मी इतकं हळू बोलते की दुकानदार दोनदा विचारतो. बुडापेस्टची भाषा तर मला एका शब्दानं येत नव्हती.

"आई, तुझा आवाज बाजूच्या खोलीत येत नाही," मुलगी म्हणायची. "पोट्टी पळाली तर हाक कशी मारशील तू?"

मी नातीचा हात धरून ठेवायची.

रविवारी तिनं आम्हाला शहर दाखवायला नेलं. टेकडीवर रंगीत कौलांचं जुनं चर्च आहे. दाराशी पोचताच मी खाली वाकून एक बूट काढलासुद्धा.

"आई, काय करून राहिली? लोक पाहून राहिले ना!"

मी घाईनं पाय आत घातला. पुढे एका मोठ्या चौकात शहिदांची शिळा होती, तिच्याजवळ फुलं ठेवलेली. तिथंही माझा हात बुटाच्या पट्ट्याकडे गेला. मेलेल्या माणसांपुढे पायांत काही घालून उभं राहायचं मला कसंतरी वाटतं. या वेळी मुलगी हसली.

"इथं कोणी नाही काढत व माय. एक काम कर. जिथं दुसऱ्यांचे काढलेले दिसतील ना, तिथं तू पण काढजो. नाही दिसले तर गुपचूप घालून राह्य."

हे मला बरं वाटलं. लक्षात ठेवायला सोपं होतं.

दगडी सिंहांच्या पुलावर तिनं आमचे फोटो काढले. "हस ना आई, पासपोर्टचा फोटो नाही आहे हा." मग संसदेची ती टोकदार मनोऱ्यांची इमारत पाहिली. पाऊस येऊन गेला होता. आता नदीतून बोटीनं फिरायचं ठरलं. मुलीनं आम्हाला गाड्यांचा रस्ता ओलांडून काठावर आणलं आणि एक लांब दगडी बाक दाखवलं.

"इथं बसा. मी तिकीट घेऊन येतो. हिचा हात नको सोडजो."

ती गेली. आम्ही बाकाकडे निघालो तर समोर, अगदी पाण्याच्या कडेला, बुटांची रांग. पुरुषांचे, बायकांचे, उंच टाचांचे, जुने झिजलेले, पावसानं भिजून काळे पडलेले. एकात फूल ठेवलेलं, एकात मेणबत्ती. आसपासचे लोकही हळू बोलत होते. मला वाटलं, आलं ते ठिकाण. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहारापुढे रविवारी चपलांची अशीच रांग लागते. नातीनंही ती मागच्या उन्हाळ्यात रायपूरला आली तेव्हा पाहिली होती.

"नानी, जूते उतारें?" तिनं बापाच्या हिंदीत विचारलं.

"हव," मी म्हटलं.

दिवसभर चालून माझे पाय सुजले होते. पट्टा एका हातानं निघेना, म्हणून नातीचा हात सोडून दुसरा हात लावला. नातीनं तोवर आपले गुलाबी बूट काढून माझ्या बुटांशेजारी नीट मांडले. मी नदीकडे तोंड करून हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात वंदना म्हटली.

डोळे उघडले तेव्हा गुलाबी बूट होते. पोर नव्हती.

आधी मी मागं बघितलं, बाकाकडे. नव्हती. रस्त्याकडे बघितलं. गाड्या चालल्या होत्या. मग पाण्याकडे. रायपूरच्या तेलीबांध्याच्या तलावाला कठडा आहे, लेकरू चढलं तरी अडतं. इथं काहीच नव्हतं. दगड संपला की खाली नदी, मातकट आणि जोरात वाहणारी. हाक मारायला तोंड उघडलं तर नुसता श्वास बाहेर आला.

मी रांगेच्या कडेनं धावत सुटले. भिजल्या दगडावर पाय सरकत होते. एका बुटावर माझ्या पायाचं बोट जोरात आपटलं. बूट हललाच नाही. खाली वाकून हात लावला तर गार लोखंड. दुसऱ्याला लावला. तोही लोखंडाचा, दगडात पक्का बसवलेला.

पाण्याच्या कडेला लोखंडाचे बूट कुणी कशाला करून ठेवील? ज्यांचे होते ते इथूनच गेले असतील, आणि परत आले नसतील. मला हे कुणी सांगावं लागलं नाही. आणि त्याच रांगेत माझ्या नातीचे बूट होते.

रांगेच्या शेवटी बरीच माणसं उभी होती. त्यांच्या पायांमधून मला एक उघडी टाच दिसली. मी माणसं ढकलत आत घुसले. ती उकिडवी बसून एक इवलासा बूट दोन्ही हातांनी ओढत होती.

"नानी, ये उठ नहीं रहा. किसका है?"

मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की ती रडायला लागली. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून किंकाळी आली. माझी मुलगी. ती तिकीट घेऊन परत आली होती आणि तिला फक्त आमच्या दोघींचे बूट दिसले होते. तिनं खांद्यावरची पिशवी फेकली आणि ती काठावरून पाण्यात वाकून बघू लागली. अजून थोडी पुढं झाली.

"अवो, इकडे आहो आमी! पोट्टी माझ्यापाशी आहे! मागं हो तू, मागं हो!"

हा आवाज माझा होता. सगळी माणसं वळून बघू लागली.

मुलगी धावत आली. पोरीला छातीशी धरून ती भिजल्या दगडावरच बसली.

"काहून काढले बूट? काहून, आई?"

"तूच तर म्हटलं होतं. सगळ्यांचे काढलेले दिसले."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग रांगेकडे. तिनं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथलेच बंदूकवाले ज्यू लोकांना इथं आणून उभं करत. बूट काढायला लावत, कारण बुटांना किंमत होती. मग गोळ्या घालत आणि माणसं नदीत पडत.

"तिकीट घेऊन आल्यावर सांगणार होतो तुले," ती म्हणाली.

आम्ही बोटीत बसलो नाही. मुलीनं नातीच्या पायांत बूट घातले. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. "मी चालली जातो रायपूरले. तू दुसरी कोणी पाह्य."

"पायाचं बोट फुटलं तुझं. बस आधी." तिनं आपल्या स्कार्फनं रक्त पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग खालीच बघत म्हणाली, "केवढ्यानं ओरडली तू."



सोमवारी सकाळी आम्ही तिघी ट्रामच्या थांब्यावर गेलो. मुलीच्या खांद्याला ऑफिसची बॅग होती. ट्राम आली. तिनं नातीचा हात आपल्या हातातून सोडवला आणि माझ्या हातात दिला. ट्राम वळेपर्यंत ती काचेतून बघत होती.

परत येताना माझ्या बुटाचा पट्टा सुटला. नातीचा हात धरूनच घरी आले, मग तो लावला.