मावशीची जाड टायरची सायकल

माझ्या मावशीचा नवरा म्हणजे एक नंबरचा हलकट माणूस. तोंडावर मी त्याला काका म्हणते, तेवढाच मान. चारचौघांत गोगलगाय नि पोटात पाय. दार लागलं की पट्टा निघायचा.

मावशी आणि मी एकाच बर्फाच्या कारखान्यात. बर्फाच्या लाद्या आकड्यानं ओढायच्या, करवतीनं कापायच्या, बोटींवर चढवायच्या. हातात आकडा असला की पन्नाशीची ही बाई दोन गड्यांना भारी. घरी मात्र निमूट मार खायची. "अगं, एकदा तरी हात उचल!" मी चिडून म्हणायचे. "उचलला तर तो मारूनच टाकेल," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

दवाखान्यातली नर्स विचारायची, "कशानं लागलं?" मावशीचं उत्तर ठरलेलं. "न्हाणीत घसरले." ओठ फाटला, न्हाणीत घसरले. कानाखाली पाच बोटं उमटली, तरी न्हाणीतच घसरले! एकदा नर्स म्हणाली, "बाई, तुमची न्हाणी एकदा बघायलाच हवी मला." मावशी हसली. हसताना ओठातून परत रक्त आलं.

मावशीला कामावर सोडायला काका मोटारसायकलवरून यायचा. बाहेरच्यांना कौतुक वाटायचं. पण डोकं फिरलं की तो सोडायचाच नाही, मग खाडा. घर आणि कारखान्याच्या मधे खाडीची वाळू, रस्ता फार लांबून वळसा घालून येणारा. एकदा ती वाळूतून चालत निघाली, तर यानं केस धरून तिला फरफटत परत नेलं. केसांचा पुंजका तिथंच राहिला.

आमच्या मुकादमाला सगळं दिसत होतं. कारखान्याच्या आवारातली एक खोली रिकामी होणार होती, ती त्यानं मावशीला देऊ केली. "खोली सुटेल त्या दिवशी पहिल्या भोंग्याच्या आत येऊन किल्ली घ्या. नाही आलात तर रांगेत दुसरे आहेत." त्याला अजून महिना होता. आणि काकाला याचा वास लागला तर तो त्या दिवशी तिला सोडणार थोडाच!

म्हणून मावशीनं सायकल घ्यायची ठरवली. आयुष्यात कधी पायडलवर पाय ठेवला नव्हता. दुकानात गेलो तर तिची नजर सरळ त्या जाड टायरच्या धुडावर. "हीच. त्यानं सुरी खुपसली तरी हिच्या टायरात शिरायची नाही."

"मावशी, जाड आहे म्हणजे आत रबर नाही, हवाच आहे," दुकानदार म्हणाला. "वाळूत चालवायची तर हवा कमी ठेवा. दाबल्यावर अंगठा जरा आत गेला पाहिजे."

"अंगठा आत जायला ती काय कणीक आहे? गच्च भर!"

बर्फवाली ना ती! लादी ठोकून बघायची, ठणठण वाजली तर पास, मऊ लागली तर परत. तेच टायरला लावलं. रोज सकाळी पंप मारायची आणि टायरवर बुक्की हाणून बघायची.

मग काय, सायकल तिला नुसती आपटायची. खडा आला की उडी, वाळू आली की चाक आडवं. कोपरं सोलली, गुडघे सोलले, हनुवटीला टाके. मी सीट धरून मागं पळायचे आणि दोघींचं तोंड वाळूनं भरायचं. "मेली घोडी!" म्हणून लाथ घालायची तिला, आणि परत बसायची. दवाखान्यात नर्सनं टाके घालताना विचारलं. मावशी म्हणाली, "सायकलवरून पडले."

"अरे वा! न्हाणी बदलली वाटतं?"

पहिल्यांदा खरं बोलली होती बिचारी.

काका बघत होता, हसत होता. पडतेय तोवर त्याला मजाच होती. पण खोलीचं त्याला कुठून तरी कळलं. किल्लीच्या दिवशी सकाळी मावशीला अंगणातून फुस्स असा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर एक टायर अर्धा बसलेला आणि हा उकिडवा बसून दुसऱ्याची हवा सोडतोय. सुरी लावली नव्हती, कारण सायकलला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं मेल्यानं. फाटलेल्या टायरची सायकल घेतंय कोण?

मावशीनं त्याला ढकललं. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यानं तिचं डावं मनगट धरलं आणि ओला कपडा पिळावा तसं पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. मग तिनं उजव्या हातानं तो सायकलचा पंप उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला. तो तोंड धरून खाली बसला, तेवढ्यात ही सायकलवर.

मी कारखान्याच्या फाटकात उभी होते. वाळूवर मावशी दिसली, एका हातानं हँडल धरलेलं, दुसरा हात पोटाशी. आता पडेल, आता पडेल असं मला वाटत होतं. पण सायकल पडेचना! अर्ध्या हवेचे ते टायर वाळूवर पसरून चालले होते, शांत, सरळ. मावशीच्या तोंडावर वेदना होती आणि आश्चर्यही होतं.

मागून मोटारसायकल आली. काका रक्तानं माखलेला, शिव्या देत, हातात पट्टा. तिला गाठायला त्यानं गाडी जोरात वाळूत घातली. पुढचं चाक भसकन रुतलं आणि तो हँडलवरून उडाला. गाडी पायावर पडली, सायलेन्सर पोटरीला चिकटला. ती किंकाळी फाटकापर्यंत आली. मांस भाजल्याचा वास मला जवळ गेल्यावर आला.

मी आकडा घेऊनच पळाले होते. खोटं कशाला बोलू, त्याच्या मानेत घालायचाच होता मला. उगारलाही होता.

"आकडा गाडीला लाव," मावशी मागून म्हणाली. ती परत आली होती. "ओढ. मला भोंग्याच्या आत पोचायचंय."

गाडी बाजूला केली, गडी बोलावले. त्याला टेम्पोत घातलं. मावशीनं आधी, भोंगा व्हायच्या आत, मुकादमाकडून किल्ली घेतली, कमरेला खोचली, मग टेम्पोत बसली.

दवाखान्यात नर्सनं काकाकडे बघितलं, मग मावशीच्या सुजलेल्या मनगटाकडे. काका घाईघाईनं म्हणाला, "दोघं गाडीवरून पडलो."

मावशी म्हणाली, "हा पडला. त्याचा दात मी पाडला. माझं मनगट यानं मोडलं." मग नर्सला म्हणाली, "आणि ताई, न्हाणीत मी कधीच घसरले नाही हो. एकदाही नाही."