नदीला दिलेला अर्थ

पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे जाळीमास्तर म्हणत. भिंतीएवढ्या फळीवर रेझिस्टरना डाख देऊन त्यांची जाळी विणायची आणि जमिनीखालचं पाणी विजेत उभं करायचं, हा त्याचा उद्योग. माती जितकी चिवट तितका रेझिस्टर मोठा. पंप लावायचा म्हणजे जाळीच्या त्या जागेच्या सांध्यातून करंट ओढायचा. मीटरचा काटा जितका पुढे सरकेल तितकं पाणी खाली गेलं, असा सरळ हिशेब. संगणक आले तरी हा पठ्ठ्या डाख देतच राहिला. साहेबलोक हसायचे, पण फळी काही निघाली नाही, कारण ती हलवायची कुणी हा प्रश्न होता.

जिथे नदी, तिथली टोकं अर्थच्या, म्हणजे जमिनीत गाडलेल्या, तारेला जोडायची हा त्याचा शिरस्ता. जाळीच्या हिशेबात अर्थ म्हणजे कधीच न आटणारं पाणी. "नदीला अर्थ दिला की जाळीला अर्थ येतो," हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता, की चहावाल्यालाही पाठ झाला होता.

धाकट्या बहिणीच्या गावाजवळ कारखान्याने मोठाले पंप बसवले, तेव्हा तिने विचारलं, "दादा, घर-बाग विकून निघू का? आत्ता गिऱ्हाईक आहे." त्याने तिच्या गावाची जाळी बांधली, नदीला अर्थ दिला, पंप चालू केला. तिच्या विहिरीवरचा काटा जरासा हलला आणि थांबला.

"खुशाल राहा गं," तो म्हणाला. ती राहिली.

दुसऱ्याच उन्हाळ्यात तिची विहीर कोरडी ठणठणीत पडली. तो धावत गेला, ते थेट नदीवर. वरच्या अंगाला कुणीतरी पाणी केव्हाच, पंप बसायच्याही आधी, वळवलं होतं आणि पात्रातून ट्रक चालले होते. जाळी बांधताना नकाशावर निळी रेघ दिसली होती आणि हात आपोआप तारेकडे गेला होता. नदीत पाणी आहे का, हे विचारायचं मेलं डोक्यातच आलं नव्हतं.

परत येऊन त्याने नदीची ती तार सोडवली आणि पंप चालू केला. काटा सरळ शेवटच्या आकड्यावर जाऊन आदळला.

त्याने फोन लावला. "अगं, चूक माझी आहे. येईल त्या भावात विकून टाक."

"आता कोण घेतंय, दादा?" ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "तेव्हा गल्लीतले सगळेच निघाले होते. मीच थांबवलं त्यांना, तुझं नाव सांगून."